त्याऐवजी काय? : आहारावरील पुस्तके वाचताना

दिवाळी अंक हातात आणि फराळाचे ताट समोर, अशा घटकेला तेल-तुपाचा वाद काढणे हा औचित्यभंग आहे, याची मला जाणीव आहे. परंतु ज्या पुस्तकांवर वर्षभर वाचकांच्या उड्या पडल्या त्यांच्याविषयी समीक्षकाने चार शब्द लिहावेत, ही अपेक्षाही रास्तच म्हटली पाहिजे. आमच्या वाचनालयात देवघेवीच्या टेबलाशी बसणाऱ्या गृहस्थांना विचाराल, तर कादंबरी, आत्मचरित्र, कवितासंग्रह या सर्वांना मागे टाकून घरोघर जाणारे पुस्तक म्हणजे आहारावरचे पुस्तक. ते जाते, फळीवरचे डबे बदलते, घरात दोन पक्ष पाडते, आणि पानांवर हळदीचे डाग घेऊन परत येते. त्याचे परीक्षण मात्र कुठे छापून येत नाही. ज्या कवितासंग्रहाने कुणाचा केसही हलणार नाही त्यावर आपण तीन-तीन परीक्षणे लिहितो. ज्याच्यामुळे माणसाची औषधाची गोळी सुटते त्या पुस्तकाकडे आपण 'ते काही साहित्य नव्हे' म्हणून पाठ फिरवतो.

मी मराठीचा निवृत्त शिक्षक. वैद्यकातला मला अधिकार नाही आणि तसा आवही मला आणायचा नाही. पुस्तक कसे वाचावे, एवढेच शिकवण्यात माझी पस्तीस वर्षे गेली. पण तेवढेही मला स्वतःला नीट आले नाही, याचा पुरावा माझ्याच घरात घडला. म्हणून हा लेख.

माझी थोरली बहीण, आमची अक्का, निपाणीला असते. दाजी तंबाखूच्या वखारीत हिशेबनीस होते. साठी उलटल्यावर त्यांचा रक्तदाब वाढलेला आढळला, कोलेस्टेरॉलही वाढलेले निघाले, आणि डॉक्टरांनी रोजची गोळी सुरू केली. दाजी वाचणारे. त्यांना मी एक पुस्तक नेऊन दिले. कोलेस्टेरॉलची भीती कशी अनाठायी आहे, असा त्याचा विषय. अनुवाद मोठा रसाळ होता. मी मुखपृष्ठाच्या आत पेन्सिलीने 'अवश्य वाचनीय' असे लिहूनही ठेवले होते. पुस्तकाचे नाव येथे देत नाही. पुढे ज्यांची नावे येतील त्यांपैकी ते नव्हे. दाजींनी ते तीनदा वाचले. वरणभातावर तुपाची धार वाढली. आणि अक्काला न सांगता त्यांनी गोळी बंद केली.

आठ महिन्यांनी एका पहाटे त्यांच्या छातीत कळ आली. निपाणीहून बेळगावला आणेपर्यंत दिवस उजाडला होता. दोन स्टेंट बसले. दाजी वाचले.

गोळी सोडली म्हणूनच झटका आला, असे कुणी सिद्ध करू शकणार नाही. न सोडताही कदाचित आला असता. पण रुग्णालयाच्या व्हरांड्यात अक्का जे बोलली ते मला विसरता येत नाही. ती म्हणाली, "तुझं पुस्तक त्यांनी अर्धंच वाचलं बघ. तूप खा म्हटलं, ते खाल्लं. भात कमी करा म्हटलं होतं न्हवं? तो कुठं केला? आणि गोळी सोडा असं तरी कुठं लिहिलं होतं रे?"

घरी येऊन मी ते पुस्तक पुन्हा वाचले. अक्काचे खरे होते. 'गोळी सोडा' असे वाक्य त्यात कुठेही नव्हते. परंतु गोळी घेणारा तो भोळा आणि सोडणारा तो शहाणा, असा ग्रह वाचकाच्या मनात निर्माण होईल अशीच त्या चाळीस पानांची रचना होती. वाक्यात नाही आणि रचनेत आहे, अशी गोष्ट ओळखणे हेच तर समीक्षकाचे काम. ते मी केले नव्हते. मी भाषेवर भाळलो होतो.

*

त्यानंतरच्या तीन वर्षांत या जातीची वीसेक पुस्तके मी ओळीने वाचली. काही इंग्रजीतून, बरीचशी मराठीतून. त्यांचे ढोबळ तीन पक्ष आहेत. पहिला पक्ष म्हणतो, चरबी हीच वैरी. दुसरा म्हणतो, छे, साखर आणि धान्य हे वैरी. तूप-लोणी निर्दोष आहे. तिसरा म्हणतो, दूध-मांस-अंडी सोडा, वनस्पतिजन्य अन्नावर राहा, सगळे ठीक होईल. मते एकमेकांच्या उलट. पण कथानक एकच. पहिल्या प्रकरणात धडधाकट पूर्वज. दुसऱ्यात खलनायकाचा प्रवेश. तिसऱ्यात त्याला पाठीशी घालणारे विद्वान आणि कारखानदार. चौथ्यात एकटा पडलेला सत्यवादी संशोधक. मग लेखकाला झालेला साक्षात्कार, आणि भरतवाक्याच्या जागी पाककृती. आमच्या जुन्या संगीत नाटकांतसुद्धा खलपुरुष इतका एकरंगी नसे.

कथानक आहे म्हणून मजकूर खोटा, असे मला म्हणायचे नाही. पण गोष्ट रंगवण्यासाठी काय गाळले गेले, हे पाहणे भाग आहे. पाठचिकित्सेत आपण एकाच ओवीचे चार पोथ्यांतले पाठ शेजारी ठेवतो. तसे मी केले. तीन उदाहरणे देतो.

चरबीच्या बाजूने लिहिणाऱ्या पुस्तकांतला ठरलेला खलपुरुष म्हणजे अमेरिकन शास्त्रज्ञ अ‍ॅन्सेल कीज. गोष्ट अशी सांगतात की, त्यांच्यापुढे बावीस देशांची आकडेवारी होती; त्यांनी सोयीचे सात देश उचलले आणि 'चरबीने हृदयविकार होतो' असे ठरवून टाकले. वाचताना संताप येतो. परंतु या गोष्टीत दोन वेगवेगळे ग्रंथ एकत्र शिवले आहेत. १९५३ साली कीज यांनी एका लेखात सहा देशांचा आलेख दिला होता. १९५७ साली यरुशाल्मी आणि हिलेबो यांनी दाखवून दिले की बावीस देशांची आकडेवारी उपलब्ध होती, आणि ती सगळी घेतली तर संबंध बराच सैल पडतो. ही टीका योग्यच होती. 'सात देशांची पाहणी' ही मात्र त्यानंतरची, १९५८ साली सुरू झालेली, स्वतंत्र गोष्ट. अमेरिका, फिनलंड, हॉलंड, इटली, युगोस्लाव्हिया, ग्रीस आणि जपान येथल्या बारा हजारांहून अधिक मध्यमवयीन पुरुषांना प्रत्यक्ष तपासून वर्षानुवर्षे त्यांचा मागोवा घेतला गेला. त्या पाहणीतही उणिवा आहेत: देशादेशांत फरक केवळ ताटातला नसतो, आणि स्त्रिया तर तीत नव्हत्याच. पण तिच्यातली सर्वांत बोलकी गोष्ट कीज यांचे शत्रू सांगत नाहीत आणि भक्तही सांगत नाहीत. ग्रीसच्या क्रीट बेटावरचे शेतकरी चरबी भरपूर खात होते, जवळजवळ चाळीस टक्के ऊर्जा त्यांना तिच्यातून मिळे, आणि तरीही त्यांच्यात हृदयविकाराने मरणारे फार थोडे होते. ती चरबी ऑलिव्हच्या तेलाची होती. म्हणजे प्रश्न 'किती' इतकाच 'कोणती' हाही होता.

याच पक्षाची पुस्तके आपल्याकडचा एक दाखला आवर्जून देतात. डॉ. एस. एल. मल्होत्रा यांनी १९६७ साली भारतीय रेल्वेच्या कर्मचाऱ्यांविषयी लेख प्रसिद्ध केला. दक्षिणेतल्या कर्मचाऱ्यांत हृदयविकार पंजाबातल्यांपेक्षा सातपट होता. आणि चरबी, तीही मुख्यतः दुधातुपाची, पंजाबी मंडळी कितीतरी पटींनी जास्त खात होती. दाखला खरा आहे. 'चरबी खाल्ली की हृदय गेले' या सरळसोट समीकरणाला तो चांगला तडा देतो. परंतु त्यावरून 'तूप खाल्ले म्हणून पंजाबी वाचले' असा निष्कर्ष काढायचा, तर मद्रासचा कारकून आणि लुधियान्याचा लाइनमन यांच्यात तुपाखेरीज दुसरा काही फरकच नव्हता असे मानावे लागेल.

दुसरे उदाहरण साखरेचे. जॉन युडकिन या ब्रिटिश प्राध्यापकांचे साखरेवरचे 'प्युअर, व्हाइट अँड डेडली' हे पुस्तक १९७२ सालचे. त्याच वर्षी अमेरिकेत डॉ. अ‍ॅटकिन्स यांचे पिष्टमय पदार्थांविरुद्धचे पुस्तक आले. युडकिन यांची उपेक्षा झाली हे खरे, आणि कटाची गोष्ट इथे निव्वळ कल्पित नाही. २०१६ साली जुने कागद उजेडात आले. १९६७ साली एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात हार्वर्डच्या संशोधकांनी साखरेवरचा संशय कमी करून चरबीकडे बोट दाखवणारा जो आढावा लिहिला, त्यासाठी साखर उद्योगाच्या संस्थेने साडेसहा हजार डॉलर दिले होते, आणि लेखात त्याचा उल्लेख नव्हता. खलनायक कधीकधी खरोखरच असतो. पण साखरेच्या बचावासाठी पैसे दिले गेले एवढ्याने तूप निर्दोष सुटत नाही. एका आरोपीविरुद्ध पुरावा मिळाला म्हणून दुसऱ्याची मुक्तता करणारा न्यायाधीश आपण मानू काय? इथे तीनशे पानांची पुस्तके नेमके तेवढेच करतात.

तिसरे, वनस्पतिजन्य आहाराचे. डॉ. डीन ऑर्निश यांचा १९९० सालचा प्रयोग या पक्षाचा आधारस्तंभ. अठ्ठेचाळीस हृदयरुग्ण, त्यांतल्या काहींना अत्यल्प चरबीचा शाकाहार दिला, आणि वर्षभराने त्यांच्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांतले अडथळे किंचित ओसरल्याचे दिसले. प्रयोग महत्त्वाचा आहे. परंतु त्या रुग्णांना नुसते पालेभाजीवर ठेवले नव्हते. त्यांचे धूम्रपान बंद केले, त्यांना व्यायाम दिला, मनावरचा ताण हलका करण्याचे शिक्षण दिले, एकत्र बसून बोलायला लावले. पुढच्या पुस्तकांत हे सारे हळूहळू विंगेत जाते आणि रंगभूमीवर एकटी भाजी उरते. कॉलिन कॅम्बेल यांचा 'द चायना स्टडी' (२००५) हा ग्रंथही असाच. चीनच्या पासष्ट परगण्यांतले अन्न आणि तिथले रोग यांचे सरासरी आकडे शेजारी ठेवून जे दिसते, ते परगण्याविषयी असते. त्यातून माझ्या-तुमच्या ताटाविषयी खात्रीने बोलणे म्हणजे गावाच्या सरासरी पगारावरून आपल्या खिशातली रक्कम सांगण्यासारखे आहे.

*

मग खरे काय? तिन्ही पक्षांची भांडणे वाचून थकल्यावर उत्तर मला सुचवले ते निपाणीच्या शेजारणीने.

दाजी घरी आल्यावर अक्काने निश्चय केला की आता भात बंद. शेजारच्या अव्वा कुंपणापलीकडून ऐकत होत्या. सत्तर-पंचाहत्तरीची कन्नड बाई; मराठी कळते, बोलतात कन्नडच. त्यांनी एकच विचारले, "अदर बद्ली एन तिंतीरि?" त्याच्या बदली काय खाणार? अक्काकडे उत्तर नव्हते. माझ्या वीस पुस्तकांतही ते बहुतेक ठिकाणी नव्हते. काय काढायचे हे प्रत्येक पुस्तक मोठ्या आवाजात सांगते. रिकाम्या जागी काय आले, हे विचारत नाही. माणूस तर पोट रिकामे ठेवत नाही. एक जिन्नस गेला की दुसरा येतोच.

अव्वांचा हा प्रश्न घेऊन मी पुन्हा वाचू लागलो, आणि पुष्कळसे वाद निवळू लागले. अमेरिकेत १९७७ पासून सरकारी पातळीवर 'चरबी कमी करा' हा सल्ला सुरू झाला. बाजारात चरबी काढलेली बिस्किटे, दही, केक आले. त्यांत साखर आणि मैदा होता. लोण्याच्या जागी कृत्रिम घट्ट चरबी आली; तीत ट्रान्स फॅट नावाचा, लोण्याहूनही घातक घटक होता. आपल्याकडे तीच वनस्पती तुपाच्या पिवळ्या डब्यांतून आली. गरिबाघरी सण साजरा करण्याचे ते साधन होते. भारतात तेल-तुपातल्या ट्रान्स फॅटवर दोन टक्क्यांची मर्यादा आली ती २०२२ च्या जानेवारीत. अमेरिकन हृदयरोग संघटनेने २०१७ साली जुने-नवे प्रयोग तपासून जो निष्कर्ष मांडला, तो अव्वांच्या प्रश्नाचेच उत्तर आहे: संपृक्त चरबीच्या जागी बहुअसंपृक्त तेले आली तर हृदयविकार कमी होतो, तिच्या जागी मैदा-साखर आली तर काही लाभ होत नाही. इथेही सारे सरळ नाही. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात १९६८ ते १९७३ या काळात झालेल्या एका मोठ्या प्रयोगाची जुनी माहिती २०१६ साली पुन्हा तपासली गेली. तेल बदलल्याने रक्तातले कोलेस्टेरॉल उतरले होते, पण मृत्यू कमी झाले नव्हते. शास्त्रज्ञ त्यावर अजून भांडतात. भांडू द्यावे. पण 'तूप विष आहे' आणि 'तूप अमृत आहे' ही दोन्ही वाक्ये त्या भांडणात कुणी जबाबदार माणूस उच्चारत नाही.

२०१८ साली अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. सहाशे नऊ माणसे. निम्म्यांना कमी चरबी, निम्म्यांना कमी पिष्ट. मुदत एक वर्ष. पहिल्या गटाचे वजन सरासरी ५.३ किलो उतरले, दुसऱ्याचे ६ किलो. हा फरक धरण्याजोगा नव्हता. दोन्ही गटांत कुणी तीसेक किलोंनी उतरले, तर कुणी उलट वाढले. पण दोन्ही गटांना एक सूचना सारखीच होती: साखर आणि मैदा टाळा, भाज्या भरपूर खा, शक्यतो घरी रांधून खा. म्हणजे दोन बाजूंच्या पुस्तकांनी ज्यावर लढाई केली ते गौण ठरले, आणि ज्यावर त्यांचे एकमत होते पण ज्याची गोष्ट रंगत नाही, ते कामाचे निघाले.

मराठी घरांतही मला हेच दिसते. ऋजुता दिवेकर २००९ च्या आपल्या पुस्तकात दर दोन तासांनी थोडे थोडे खा म्हणाल्या. तूप-भाताची बाजू त्यांनी हिरिरीने मांडली. डॉ. जगन्नाथ दीक्षित सांगतात, दिवसातून दोनदाच, पंचावन्न मिनिटांच्या आत जेवा, मध्ये काही नाही. एकाच घरात सून पहिल्या पंथाची आणि सासरे दुसऱ्या, अशी कुटुंबे माझ्या ओळखीत आहेत. वाद रोजचा. पण दोघांच्याही हातून कपाटातून जे बाहेर गेले ते पाहा: चहाबरोबरची बिस्किटे, पुड्यातला चिवडा, अधूनमधूनची तोंडात टाकायची गोळी. माझ्या मते या दोघांचे खरे यश त्या जागी आहे, आणि शिवाय आपल्या ताटातल्या पदार्थांविषयी ते आपल्याला कळेल असे बोलले, यात आहे. शास्त्राच्या नावाने केलेली त्यांची सगळी विधाने मात्र तेवढ्याने सिद्ध होत नाहीत.

*

आता भाषेविषयी, कारण ती माझ्या अधिकारातली गोष्ट आहे आणि आपण दोन भाषांत राहणारी माणसे असल्याने ती आपल्याला चटकन कळेल.

इंग्रजीतल्या 'फॅट' या एका शब्दाला अनुवादक तीन शब्द वापरतात: चरबी, मेद, स्निग्ध पदार्थ. जो त्याचा वैरी, तो 'चरबी' लिहितो. चरबी म्हटली की आपल्याला खाटकाचे दुकान दिसते; शिवाय 'चरबी चढली' म्हणजे माज आला. कन्नडमध्येही तसेच, 'कोब्बु' म्हणजे चरबी आणि 'कोब्बु' म्हणजे मस्ती. जो त्याचा मित्र, तो 'स्निग्ध' लिहितो. त्यात स्नेह आहे, आणि स्नेह म्हणजे तेलही आणि मायाही. शब्द निवडतानाच निकाल लागलेला असतो. पुढची तीनशे पाने हा उपचार.

'कर्बोदके' हा शब्द तर त्याहून फसवा. त्यात साखर आली, मैदा आला, जोंधळा आला, रताळे आले, मुगाची डाळही बरीचशी आली. 'कर्बोदके सोडा' हा सल्ला वाचून आमच्या ओळखीच्या एका बाईंनी डाळ सोडली आणि फरसाण चालू ठेवले, कारण ते 'तळलेले, म्हणजे फॅट' आणि फॅट चालते.

आणि 'वनस्पतिजन्य'! ज्या पिढीने वनस्पती तुपाचे डबे पाहिले तिला हा शब्द ऐकून हसू यायला हवे. साखर वनस्पतिजन्य आहे. मैदा, पाम तेल, साबुदाणा वनस्पतिजन्य आहे. 'एकादशी अन् दुप्पट खाशी' ही म्हण करणाऱ्या समाजाला नुसत्या शाकाहाराचे कौतुक सांगण्यात अर्थ नाही. अमेरिकेतील परिचारिका आणि वैद्यकीय व्यावसायिक यांच्या दीर्घ पाहणीवरून २०१७ साली हाच भेद दाखवला गेला: धान्य, कडधान्य, भाज्या, फळे, दाणे यांवर भर असलेला वनस्पतिजन्य आहार आणि कमी हृदयविकार यांची सांगड दिसली, साखर, मैदा, गोड पेये यांनी भरलेल्या वनस्पतिजन्य आहारात ती उलटी झाली. शब्द एक, ताटे दोन. आणि ज्यांनी दूधही सोडले त्यांना जीवनसत्त्व ब-१२ बाहेरून घ्यावे लागते, हे या पक्षाच्या प्रत्येक पुस्तकाने पहिल्या प्रकरणात सांगायला हवे. पुष्कळांत ते परिशिष्टात असते.

*

इथवर आल्यावर सीमाभागातल्या लेखकाने काय लिहायचे हे जवळजवळ ठरलेले असते: जोंधळ्याची भाकरी, करडईचे तेल, शेंगांची चटणी, कारळ्याची चटणी, अंबाडीची भाजी, मराठीत जे झुणका-भाकर तेच कन्नडमध्ये झुणका-रोट्टी, आपल्या आजीला सगळे ठाऊक होते, परत तिकडे चला. मीही या लेखाचा शेवट तसाच करणार होतो. तो परिच्छेद लिहूनही झाला होता.

मग २०२५ सालची एक पाहणी वाचनात आली आणि तो मला खोडावा लागला. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी मधुमेह-सर्वेक्षणाचा तो भाग आहे. अठरा हजारांहून अधिक प्रौढांचे खाणे त्यात नोंदले आहे. भारतीय माणसाची सरासरी ६२ टक्के ऊर्जा पिष्ट-साखरेतून येते. याच सर्वेक्षणाने २०२३ साली देशातल्या मधुमेहींची संख्या दहा कोटींवर असल्याचे आणि गोव्यात प्रमाण सर्वाधिक, २६.४ टक्के, असल्याचे सांगितले होते. पण मला अडवणारे वाक्य निराळे होते. पांढरा तांदूळ आणि मैदा यांच्या जागी नुसते कोंड्यासकट गव्हाचे किंवा भरड धान्याचे पीठ घेतले, आणि एकूण पिष्ट तेवढेच ठेवले, तर मधुमेहाचा धोका कमी झालेला दिसत नाही. पिष्टाचा थोडा वाटा काढून तिथे डाळ, कडधान्य, दूध-दही, अंडी, मासे यांतली प्रथिने आली तर तो कमी दिसतो. सर्वेक्षण आहे, प्रयोग नव्हे. संबंध दिसतो, कारण सिद्ध होत नाही. तरीही भाकरीचा कैवार घेणाऱ्या मला ते लागले. तीन भाताच्या मुदी काढून चार भाकऱ्या वाढल्या, तर 'त्याऐवजी काय' या प्रश्नाला मी उत्तर दिले नाही. फक्त धान्य बदलले. शिवाय आजीच्या भाकरीमागे शेताची खुरपणी होती आणि आडाचे पाणी होते. ते काढून घेऊन नुसती भाकरी तिच्याकडून उसनी आणता येत नाही.

म्हणजे मीही एक गोष्टच सांगत होतो. सुखी पूर्वज, खलनायक, आणि शेवटी पाककृती.

जे उरते ते फारसे आकर्षक नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली सांगितले आहे ते साधेच आहे: धान्यांतून ४५ टक्क्यांहून अधिक ऊर्जा नसावी, ताटाचा अर्धा भाग भाज्या आणि फळांचा असावा, डाळी-कडधान्ये वाढवावीत, तेल बेताचे आणि आलटून पालटून वापरावे, साखर-मीठ कमी. यात खलनायक नाही, कट नाही, साक्षात्कार नाही. म्हणूनच यावर खपणारे पुस्तक होत नाही. आपण निम्म्याहून अधिक खाद्यतेल परदेशातून आणतो, त्यात पाम तेल मोठे, त्यातली निम्मी चरबी संपृक्त, आणि दुकानातला बराच फरसाण त्यातच तळला जातो. हे वाक्यही रंगत नाही. पण करडईचा घाणा बंद पडला तेव्हा 'त्याऐवजी काय' हे आपण कुणी विचारले नाही, याची ती नोंद आहे.

आमच्या वाचनालयात आता महिन्याच्या दुसऱ्या रविवारी आम्ही सात-आठ जण बसतो आणि आहारावरचे एकेक पुस्तक कादंबरीसारखे चर्चेला घेतो. प्रश्न ठरलेले आहेत. लेखक काय काढायला सांगतो? त्या जागी काय येईल? ज्या अभ्यासाचा दाखला दिला तो माणसांवर झाला की परगण्यांच्या सरासरीवर? किती जणांवर, किती दिवस? आणि पुस्तक वाचून कुणाच्या मनात गोळी सोडायची आली, तर लेखकाने 'आधी आपल्या डॉक्टरांशी बोला' हे पहिल्या पानावर लिहिले आहे की शेवटच्या? एक डॉक्टरही येऊन बसतात. ते फारसे बोलत नाहीत.

मी दाजींना दिलेले ते पुस्तक वाचनालयातच आहे. ते काढून टाकावे असे काहींचे म्हणणे पडले. मी नको म्हणालो. पुस्तके काढून टाकून वाचता येऊ लागत नाही. माझा पेन्सिलीतला शेरा मात्र मी खोडला, आणि त्या जागी अव्वांचा प्रश्न लिहिला, कन्नडमध्ये आणि खाली मराठीत.

दाजी आता गोळी घेतात, अक्कासमोर घेतात. भात एक मूद. तिच्या जागी मुगाची उसळ, कधी हुलग्यांचे माडगे. तूप चमचाभर आहे. ते कुणी काढले नाही. परवा अक्काचा निरोप आला, की दिवाळीचा डबा पाठवते आहे, करंज्या मोजून घातल्या आहेत, आणि या खेपेस दाजींसाठी पुस्तक आणू नकोस. आणायचेच असेल तर कादंबरी आण.